भिवंडीच्या खाडीपल्याडचा कॅथलिक मुलुख

ख्रिस्ती श्रद्धा, तिची कला आणि तिने घडवलेला समाज पाहायला मराठी माणूस आता रोमला जातो, लिस्बनला जातो, फातिमा आणि लूर्दच्या यात्रा करतो. ज्यांना इतके लांब जमत नाही ते जुन्या गोव्याला जाऊन येतात. जावेच. पण भिवंडीकराने निघण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०५ वर्षे एक अख्खा कॅथलिक मुलुख त्याच्या दाराशी, उल्हास नदीच्या खाडीपल्याड नांदत होता. १५३४ साली तो सुरू झाला आणि १७३९ साली संपला. त्याची राजधानी वसई. काशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की लागणारे ठाणे हे त्याच मुलुखातले शहर. त्याच्या नोंदी पोर्तुगीज दप्तरात आहेत, मराठी बखरीत आहेत, वसईच्या दगडांवर आहेत आणि भिवंडी तालुक्यातल्या दोन गावांच्या आठवणीतही आहेत.

हा इतिहास आपण बहुधा एका वाक्यात संपवतो: चिमाजी अप्पांनी वसई घेतली. ते वाक्य खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण जो मुलुख घेतला तो होता कसा, तिथे कोण राहत होते, त्यांनी काय बांधले, काय पाडले आणि राज्य गेल्यावर मागे काय उरले, हे सांगितल्याशिवाय त्या विजयाचाही अर्थ पुरा कळत नाही.

पोर्तुगीजांच्या आधीचे पाहुणे

या खाडीवर युरोपातले कॅथलिक आले ते वास्को द गामाच्या पावणेदोनशे वर्षे आधी. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन ठाण्यात उतरले. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि जॉर्जियाकडचा दिमित्री. त्यांच्यासोबत जॉर्डानुस नावाचा डोमिनिकन साधू होता. होर्मुझहून त्यांना केरळातल्या कोल्लमला जायचे होते, पण जहाज ठाण्याला लागले. ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती. त्यांतल्या एका घरी या साधूंनी मुक्काम केला. ठाण्यावर अंमल दिल्लीच्या तुघलकांचा होता.

पुढची हकीकत ओडोरिक या इटालियन प्रवाशाने लिहून ठेवली आहे. यजमान नवरा-बायकोचे भांडण झाले, नवऱ्याने बायकोला मारले आणि ती काजीकडे फिर्याद घेऊन गेली. साक्षीदार कोण, असे विचारल्यावर तिने घरी उतरलेल्या साधूंची नावे सांगितली. एका घरातले भांडण असे काजीच्या दारात गेले, तिथे बोलणे धर्मावर घसरले आणि वाद पेटला. तिघांना मारण्यात आले. पीटर घरी सामानाजवळ थांबला होता, तो दोन दिवसांनी मारला गेला. जॉर्डानुस तेव्हा गावात नव्हता. त्याने परत येऊन आपल्या सोबत्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. ओडोरिक म्हणतो की दिल्लीच्या सुलतानाला हे कळल्यावर त्याने ठाण्याच्या मलिकलाच, म्हणजे तिथल्या अंमलदारालाच, शिक्षा केली. पुढे ओडोरिकने त्या चौघांच्या अस्थी सोपाऱ्याहून जहाजात घेतल्या आणि थेट चीनच्या चुआनचौ बंदरातल्या फ्रान्सिस्कन मठात पोचवल्या.

ठाणे, सोपारा, कोल्लम, चीन. सातशे वर्षांपूर्वी आपली खाडी केवढ्या मोठ्या जगाशी बांधलेली होती, हे या एका प्रवासावरून दिसते. श्रद्धेच्या शोधात निघालेली माणसे या पाण्यावरून गेली आणि त्यांनी लिहिलेल्या कागदांमुळे चौदाव्या शतकातले ठाणे आपल्याला आज ओळखता येते.

वसईचा तह आणि त्यानंतरची मोडतोड

२३ डिसेंबर १५३४. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या भीतीने घेरला होता. त्याला पोर्तुगीजांची मदत हवी होती. साव मातेउस या गलबतावर तह झाला आणि वसई, तिच्या ताब्यातला मुलुख, साष्टी आणि मुंबई ही बेटे पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या पदरात पडली. दोन वर्षांत वसईत किल्ल्याचे काम सुरू झाले. वसई, दमण, चौल आणि दीव मिळून पोर्तुगीजांचा उत्तर प्रांत झाला. मराठी कागदांत त्याला फिरंगाण म्हटले आहे.

या मुलुखाची सीमा पक्की आखलेली नव्हती. खाडीचे मुख, ठाणे, घोडबंदर आणि वसई पोर्तुगीजांकडे. कल्याण-भिवंडी आधी निजामशाहीत, मग आदिलशाहीत. मधली गावे कधी या अमलात तर कधी त्या. कोळी, आगरी, कुणबी, भंडारी, व्यापारी सगळे दोन्हीकडे ये-जा करत. मीठ, तांदूळ, लाकूड, मासळी यांचा व्यवहार थांबत नसे.

सैनिकांच्या पाठोपाठ धर्मप्रसारक आले. फ्रान्सिस्कन अंतोनियो द पोर्तो याचे काम १५४० च्या दशकातले. फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेला आणि जेझुइटांचे घर इथे झाले. डोमिनिकन आणि ऑगस्टिनियनही आले. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले, अनाथांना आसरा दिला. त्याच हातांनी देवळेही पाडली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरला हे सारे एका जागी पाहता येते. डोंगरात कोरलेले शैव लेणे. पोर्तुगीजांनी त्याचेच चर्च केले आणि वर मठ बांधला. मठाच्या भिंती आज छपराविना उभ्या आहेत. लेण्यापाशी भिंतीवर कोरलेला क्रूस आहे आणि आत तांडव करणारा शिव आहे. १७३९ नंतर तिथे पुन्हा पूजा सुरू झाली. आज दोन्ही खुणा एकमेकींच्या शेजारी आहेत.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय, सुरू झाले आणि त्याचा हात वसईपर्यंत पोचला. हिंदूंच्या सार्वजनिक विधींवर बंधने आली. बाप मेलेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती करण्याची पद्धत पडली. हा जुलूम खरा होता. पुढच्या युद्धाची मुळे त्यातच आहेत आणि वसईच्या कलेवर कितीही प्रेम असले तरी हे लपवून चालणार नाही. त्याचबरोबर प्रत्येक बाप्तिस्मा जबरदस्तीचाच होता असे मानणेही चूक. धर्म निव्वळ तलवारीवर उभा असता तर तलवार गेल्यावर तो राहिला नसता. तो राहिला. का राहिला, ते पुढे पाहू.

दगडांचे शहर

भिवंडी रोड स्टेशनवरून गाडीत बसले की खारबाव, कामण रोड, जूचंद्र आणि वसई रोड. तिथून किल्ला काही किलोमीटरवर. आत शिरताना बुरुजांची तटबंदी लागते. एक दरवाजा जमिनीकडे, एक समुद्राकडे. समुद्राकडच्या दरवाज्याच्या फळ्यांवर हत्तीला अडवायचे लोखंडी खिळे आहेत. आतली वाट ताडामाडांतून जाते आणि एकामागून एक चर्च समोर येत जातात.

जेझुइटांच्या चर्चची दर्शनी भिंत सर्वांत देखणी. मोठी गोल कमान, दोन्ही बाजूंना खोबणीदार खांब, खांबांच्या माथ्यावर पानांची नक्षी आणि वर येशूच्या नावाची मुद्रा. रोममध्ये त्या काळी जी वास्तुरीत चालू होती तीच इथे आहे, पण हात इथल्या पाथरवटांचे आहेत. सेंट जोसेफचे मोठे चर्च प्रधान चर्च होते. त्याच्या दारावरच्या दगडात कोरले आहे की १६०१ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिश यांच्या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. डोमिनिकनांचे चर्च, नगरसभेची इमारत, दयासंस्थेचे रुग्णालय असे सगळे त्या एका तटाच्या आत होते.

सर्वांत जास्त वेळ थांबावे ते फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये. छप्पर कधीच गेले आहे. उंच कमानी उरल्या आहेत आणि खाली जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा. एकीला लागून दुसरी. प्रत्येकीवर पोर्तुगीज अक्षरे, कुणाचे नाव, कुणाचे कुळचिन्ह, ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची असा मजकूर. सोळाव्या-सतराव्या शतकातली ही माणसे लिस्बनकडे परत गेलीच नाहीत. इथेच जगली, इथेच मेली आणि आपल्या मुलाबाळांनाही इथेच पुरावे अशी त्यांची इच्छा होती. एखादी शिळा पावसाने आणि पावलांनी इतकी झिजली आहे की बोट फिरवूनच अक्षर लागते.

वसईच्या दगडाची कीर्ती गोव्यापर्यंत होती. जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेत फ्रान्सिस झेवियरचे शव आहे. १६०५ साली पुऱ्या झालेल्या त्या चर्चच्या दर्शनी भागासाठी काळा दगड वसईहून जहाजाने नेला होता. म्हणजे गोव्याला जाऊन ज्या भिंतीपुढे आपण मान वर करून उभे राहतो, तिच्यातला काळा दगड आपल्याच सह्याद्रीच्या पायथ्याचा आहे.

बाहेरच्या प्रवाशांनी ही वसई पाहिली तेव्हा त्यांना काय दिसले? १६७५ साली इंग्रज डॉक्टर जॉन फ्रायर इथे आला. तो प्रोटेस्टंट, त्यामुळे कॅथलिकांविषयी त्याच्या मनात फारशी ओढ नव्हती. तरी दुमजली हवेल्या, त्यांचे झाकलेले सज्जे आणि खिडक्यांच्या तावदानांत काचेऐवजी बसवलेले शिंपल्यांचे पापुद्रे यांनी त्याचे लक्ष वेधले. गोव्यातल्या जुन्या घरांत अशी तावदाने आजही आहेत. त्याच वर्षी फ्रायर ठाण्यावरून खाडीने कल्याणला आणि पुढे घाट चढून जुन्नरला गेला. कल्याणला त्याला लढायांनी उजाड केलेल्या मोठ्या शहराचे अवशेष दिसले.

वीस वर्षांनी, १६९५ साली, नेपल्सचा जेमेली करेरी वसईला आला. हा पेशाने कायदेपंडित. स्वतःच्या खर्चाने जग फिरायला निघालेला, कुठल्या कंपनीचा नोकर नव्हे की कुठल्या मठाचा साधू नव्हे. वसई तेव्हा साथीच्या रोगाने खंगली होती. तरी शहराबाहेरचा कसबा त्याला फार आवडला. मैलोगणती वाड्या, माड, आंबे, ऊस आणि पाणी शेंदायची चाके. तिथे हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती शेतकरी शेजारीशेजारी राबतात, हे त्याने आवर्जून लिहिले. तो कान्हेरीची लेणीही पाहायला गेला आणि त्यांचे सविस्तर वर्णन त्याने आपल्या जगप्रवासाच्या पुस्तकात केले. कॅथलिक देशातला प्रवासी बौद्ध लेण्यांसमोर थक्क होऊन उभा राहिला. श्रद्धा आणि कला पाहायला निघालेल्या माणसाची नजर अशीच असायला हवी.

वसईचा गोन्सालो

प्रवास फक्त तिकडून इकडे झाला असे नाही. १५५७ च्या सुमारास वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. जेझुइटांनी त्याला किल्ल्यातल्या शाळेत शिकवले आणि पंधराएक वर्षांचा असताना तो त्यांच्यासोबत जपानला गेला. तिथे तो जपानी इतकी सफाईने शिकला की लोकांना प्रवचने देऊ लागला. जेझुइट संघात मात्र त्याला प्रवेश मिळाला नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा कमावला आणि अखेर फिलिपाइन्समधल्या मनिला शहरात, म्हणजे स्पेनच्या कॅथलिक राज्यात, फ्रान्सिस्कनांचा ब्रदर झाला.

मनिलाचा स्पॅनिश गव्हर्नर जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे शिष्टमंडळ पाठवू लागला तेव्हा दुभाष्या हवा होता. पीटर बाप्टिस्ट यांच्या त्या शिष्टमंडळाचा आवाज वसईचा गोन्सालो झाला. काही वर्षे सारे ठीक चालले. १५९६ साली सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यावरून उठलेल्या संशयात हिदेयोशी ख्रिस्ती लोकांवर उलटला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत गोन्सालो होता. १८६२ साली पोप नववे पायस यांनी या २६ जणांना संत घोषित केले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. वसईतल्या महाविद्यालयाला त्याचे नाव आहे, नालासोपाऱ्याजवळच्या गासमध्ये त्याच्या नावाचे चर्च आहे.

भिवंडीच्या गोदीतले पोर्तुगीज

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. महाराजांना किनारा मिळाला आणि त्यांनी लगेच जहाजे बांधायला घेतली. इथेच मराठ्यांच्या आरमाराचा पाया पडला. पण लढाऊ गुराबा बांधणारे कारागीर आणायचे कुठून? ते पलीकडच्या मुलुखात होते. रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नांव हे पोर्तुगीज आपल्या तीनशेहून अधिक माणसांसह महाराजांच्या कामावर आले. त्या माणसांत गोरे होते, मिश्र रक्ताचे होते आणि सगळे कॅथलिक होते. सिद्दीशी लढायला जहाजे हवीत, असे महाराजांचे म्हणणे होते.

खाडीचा नकाशा समोर ठेवला की पोर्तुगीजांची काळजी कळते. भिवंडी-कल्याणला बांधलेले जहाज समुद्रात न्यायचे तर ठाण्यावरून, मग एक तर घोडबंदर आणि वसईच्या तोफांखालून किंवा दक्षिणेला मुंबईच्या तोंडातून. दोन्ही वाटा त्या वेळी पोर्तुगीजांच्या होत्या. आज सिद्दीवर जाणारी जहाजे उद्या आपल्यावर येतील, हे वसईच्या अधिकाऱ्यांनी ओळखले. १६५९ साली गोव्याहून लिस्बनला गेलेल्या पत्रात शहाजीच्या मुलाने भिवंडी, कल्याण आणि पनवेलला जहाजे बांधल्याची चिंता आहे. वसईच्या अधिकाऱ्यांनी व्हिएगसला आतून गाठले आणि तो आपल्या माणसांसह गुपचूप निघून गेला.

जहाजे बांधायची मात्र थांबली नाहीत. काम शिकलेली इथली माणसे इथेच होती. भिवंडीच्या इतिहासातला हा प्रसंग शाळेत शिकवायला हवा. त्या काळी धर्माच्या नावाने भांडणारी दोन राज्ये समोरासमोर होती आणि तरी सुताराचा हात, लोहाराचा हात आणि जहाज बांधायची अक्कल खाडी ओलांडत होती.

अंजूर, वसई आणि वज्रेश्वरी

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पोर्तुगीजांची ताकद ओसरली आणि त्यांच्या मुलुखातला जाच मात्र तसाच राहिला. याविरुद्ध उठलेल्या माणसांत भिवंडी तालुक्यातल्या अंजूरचे नाईक पुढे होते. साष्टीच्या बखरीत गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांची हकीकत आहे. साष्टी-वसईतल्या लोकांचे गाऱ्हाणे त्यांनी पुण्यापर्यंत नेले, फिरंगाणातल्या आपल्या माणसांचे जाळे विणले आणि वर्षानुवर्षे हा पाठपुरावा सोडला नाही. अंजूरला नाईकांचा वाडा आणि त्यातले सिद्धिविनायकाचे स्थान आजही आहे.

१७३७ च्या मार्च-एप्रिलात मराठे खाडी उतरून साष्टीत घुसले. ठाण्याचा किल्ला अजून बांधून पुरा झाला नव्हता. उत्तर प्रांताचा जनरल लुईश बोतेल्यो निघून गेला आणि ठाणे पडले. वसई मात्र दोन वर्षे झुंजली. १७३९ च्या जानेवारीत माहीम, शिरगाव, तारापूर ही ठाणी मराठ्यांनी घेतली आणि फेब्रुवारीत चिमाजी अप्पा वसईपुढे येऊन बसले. तटाखाली सुरुंग खणले गेले. मे महिन्यात सुरुंग उडाले, सेबास्तियन बुरुजाला खिंडार पडले, हल्ल्यावर हल्ले झाले. हजारो मराठे कामी आले. आतले पोर्तुगीजही मागे हटले नाहीत. त्यांचा सेनानी मार्तिन्यो द सिल्वैरा वेढ्यात ठार झाला. अखेर १६ मे १७३९ रोजी कायतान द सूझा परैरा याने शरणागतीच्या अटींवर सही केली.

त्या अटी मुद्दाम वाचाव्यात. पोर्तुगीज सैन्याने हत्यारांसह, मानाने बाहेर पडावे. जाणाऱ्यांनी आपले सामान आणि चर्चमधल्या मूर्ती न्याव्यात. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळता यावा आणि त्यांच्यासाठी तीन चर्च राखून ठेवावीत. २३ मेला पोर्तुगीज वसईतून निघाले. दोन शतके हिंदूंच्या पूजेवर बंधने घालणाऱ्या राज्याच्या प्रजेला विजेत्या मराठ्यांनी धर्मस्वातंत्र्य लिहून दिले. वसईच्या विजयातले हे पान मला सर्वांत मोलाचे वाटते.

मोहिमेवर असताना चिमाजी अप्पांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, असे परंपरा सांगते. देवीचे मूळ देऊळ गुंजला होते आणि ते पोर्तुगीजांनी पाडले होते. वसई मिळाली तर किल्ल्यासारखे देऊळ बांधीन, असा तो नवस. तानसा नदीजवळच्या टेकडीवर सुभेदार शंकराजी केशव फडके यांनी ते बांधून घेतले. भिवंडी तालुक्यातल्या या देवळाला आजही बुरुजांसारखी भक्कम दगडी बांधणी आहे, ५२ पायऱ्या आहेत आणि नगारखाना आहे.

वसईच्या मुलुखातल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयचिन्हे म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा १७२१ सालची. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर टांगलेल्या घंटेवर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरीयेची आकृती आहे. आजही ती कृष्णेच्या काठी आहे आणि कुणी ती आकृती घासून काढलेली नाही.

राज्य गेले, माणसे राहिली

पोर्तुगीज गेले. १७७४ साली साष्टी इंग्रजांनी घेतली, १७८० साली वसईही. किल्ल्यातली चर्च ओस पडली. पण पापडी, रमेदी, सांडोर, नंदाखाल, आगाशी, निर्मळ, उत्तन, ठाणे इथले ख्रिस्ती लोक कुठेही गेले नाहीत. त्यांचे शेत इथे होते, होडी इथे होती, भाषा मराठी होती.

तलवार गेल्यावर धर्म का राहिला, त्याचे उत्तर इथेच आहे. या लोकांनी स्वीकारलेला धर्म त्यांच्या हाती येईपर्यंत मराठी झाला होता. गोव्याच्या साष्टीत इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने सुमारे ११,००० ओव्यांचे क्रिस्तपुराण रचले आणि १६१६ साली ते राशोळला छापले गेले. आपल्या उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती लोकांसाठी फ्रान्सिस्को व्हाज द गिमारांइश या फ्रान्सिस्कनाने ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे मराठी पुराण लिहिले. ते १६५९ सालचे. ज्ञानेश्वरी आणि एकनाथी भागवताच्या भाषेने वळण लावलेल्या कानांना येशूची कथा त्याच छंदात ऐकायला मिळाली, म्हणून ती परकी राहिली नाही.

सणांतही हेच दिसते. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवर जाऊन उंबराचे पाणी आणायचे. आगेऱ्याच्या दिवशी नव्या भाताच्या ओंब्या चर्चमध्ये न्यायच्या, पाद्रीबाबांनी त्यांना आशीर्वाद द्यायचा. सामवेदी ख्रिस्ती घरात आजही सामवेदी बोली आहे, म्हाताऱ्या बायकांच्या अंगावर लाल लुगडे आहे. मुंबई-साष्टीतल्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली ईस्ट इंडियन हे नाव घेतले, पण बाटली मसाला उन्हाळ्यात घरोघरी कुटला जातो तो कोकणी आगरी-कोळी चवीचाच.

या मातीतूनच फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. जन्म नंदाखालचा. त्यांनी 'सुवार्ता' मासिक चालवले, वसईची हिरवाई वाचवण्यासाठी चळवळ उभी केली, युरोपात फिरून प्रवासवर्णन लिहिले आणि बायबल सोप्या मराठीत आणले. 'सुबोध बायबल'ला २०१३ साली साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. १७३९ च्या तहात ज्या प्रजेला धर्म पाळण्याचे वचन मिळाले, त्याच समाजातला एक धर्मगुरू मराठी सारस्वताच्या सर्वोच्च व्यासपीठावर बसला. हे वचन कसे फळले, त्याचा याहून मोठा पुरावा नाही.

भिवंडीच्या शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षकांना म्हणून एक विनंती आहे. मुलांची पुढची सहल वसईला न्या. पण नुसता तट आणि बुरूज दाखवून परत येऊ नका. जाताना अंजूरचा वाडा दाखवा, सेंट अँथनी चर्चमधल्या शिळा वाचायला लावा, त्यांच्यावरून चालू नका असे सांगा, पापडीच्या किंवा रमेदीच्या चालत्या चर्चमध्ये दहा मिनिटे शांत बसवा आणि दुसऱ्या दिवशी वज्रेश्वरीच्या पायऱ्या चढवा. वसईच्या किल्ल्यातले शिलालेख दर पावसाळ्यात थोडे थोडे पुसत चालले आहेत. पुरातत्त्व खात्याच्या पाट्यांनी ते वाचणार नाहीत, ते वाचतील ते आपले आहेत असे मानणाऱ्या माणसांमुळे. खाडीच्या अलीकडची आणि पलीकडची, दोन्हीकडची माणसे त्या इतिहासाची सारखीच वारस आहेत.